शूकाकूंची पाटी

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी राहणारी सुनीती एरवी शूर बाई. उलट्या वाऱ्यात सायकलवरून दहा किलो कणीक आणणारी. पण त्या शुक्रवारी दुपारी ती मागच्या अंगणात गेली आणि तिने नवऱ्याला ओरडून हाक मारली.

शेजारच्या शूकाकूंनी तिला चिनी लसूणपात लावून दिली होती. सुनीतीच्या लेखी साठीपुढची बाई कुठल्याही देशाची असो, काकूच. त्या पातीला लागूनच जुन्या घरमालकाने लावलेली डॅफोडिल्स. पानं तशीच चपटी, पण विषारी. म्हणून काकूंनी पातीचं अक्षर, 韭, लिहून पाटी रोवली होती. ती पाटी आता डॅफोडिल्समध्ये उभी होती.

"वाऱ्यानं पडली होती, मी लावली," नवरा म्हणाला.

"आणि सकाळी पात कुठून कापलीस?"

"पाटीजवळून. मीटिंग चालू होती गं."

एकेका केसाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणारा इंजिनिअर हा, देवदत्त. त्याच पातीची पीठ पेरून भाजी, वर लसणाची फोडणी, म्हणजे वासाचाही पुरावा गेला. सुनीतीला संकष्टी, त्यामुळे चवही घेतलेली नाही. आणि देवदत्त दोन भाकऱ्या रिचवून बसलेला.

"मळमळतंय?"

"तू विचारलंस तेव्हापासून."

तिने हाउसार्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावला. रांगेत सातवा नंबर. फोन कानाशी धरूनच तिने कुंपणावरून काकूंना हाक मारली.

काकू आल्या त्या थेट गुडघ्यांवर बसल्या. पाटीवरच्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही उभी पानं. आमच्या पूर्वजांनी पात दिसली तशीच काढली. खालची आडवी रेघ म्हणजे जमीन. तिथे बघ. कापल्यावर जे उरतं ते तिथे."

मग एकेक बुडखा चुरगळून हुंगणं सुरू झालं. लसूण. लसूण. लसूण. सुनीती गणपतीला कबूल केलेले मोदक एकेकाने वाढवत चालली होती. अकरावर पोचली आणि शेवटच्या बुडख्यापाशी काकू थांबल्या. या बुडख्याला वास नव्हता, नुसता चिकट रस.

"बाई गं," सुनीतीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

काकूंनी पालापाचोळा बाजूला केला. खाली एक अख्खं पान पडलेलं. त्यांनी ते बुडख्याला लावलं. काप तंतोतंत जुळला; म्हणजे हे पान भाजीत गेलंच नव्हतं.

"हां," दारातून देवदत्त म्हणाला, "एक हाताला चिकटलं, ते टाकलं मी."

फोनवर तिसरा नंबर आला होता. सुनीतीने फोन ठेवला नाही. पाटी जागेवर रोवली, देवदत्तला समोर खुर्चीत बसवलं, आणि दर दोन मिनिटांनी त्याची जीभ बघत राहिली.