घुबडांची गड्डी

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला सक्त विश्रांती सांगितली. बाथरूमपर्यंत जायचं, बाकी पडून राहायचं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सकाळच्या गाडीने नेपानगरला नोकरीवर जायचा, तो संध्याकाळीच परतायचा. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. आमचं भांडण कधी झालं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. त्या चहा आणून ठेवायच्या, "थंडा होईल" म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही.

एका दुपारी कपाट आवरताना त्यांना साड्यांच्या मागे माझा बिस्किटांचा जुना डबा सापडला. पुण्यात होस्टेलवर असताना आम्ही मैत्रिणी पत्त्यांचा एक खेळ खेळायचो, त्याचे पत्ते त्यात होते. पत्त्यांवर जादूगार, राक्षस, नाना तऱ्हेचे प्राणी. आपल्याजवळच्या ढिगातून चाळीस पत्ते निवडून ज्याने त्याने आपला डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं.

"काय वं हे? जुगार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, खेळ आहे. जनावरांची लढाई."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. एकेक पत्ता डोळ्यांजवळ धरून बघू लागल्या. मजकूर इंग्रजी, म्हणून मी वाचून मराठीत सांगत होते. आग ओकणारा ड्रॅगन त्यांनी बघितला न बघितला आणि बाजूला टाकला. मग एका पत्त्यावर थांबल्या. झाडाच्या ढोलीतून बाहेर बघणारं घुबड.

"अशी अजून आहेत?"

होती. सगळा डबा चादरीवर ओतून आम्ही सोळा घुबडं शोधली. मी म्हटलं, यांचा डेक फार दुबळा होतो, हरवायला सोपा. त्या म्हणाल्या, "मग हरू. पण गड्डी यांचीच बांधायची."

घुबडांना ताकद मिळायला जंगलाचे पत्ते लागतात. ते सोळा घातले. त्यातही त्यांनी नाक मुरडलंच, "यात सागाचं एक झाड नाही, कसलं जंगल!" उरले आठ. तिथे वादळ किंवा ढाल घालावी असं मला वाटत होतं. त्यांनी उंदीर उचलले.

"आई, उंदीर काहीच करत नाहीत या खेळात."

"अवं, मग घुबडं खातील काय?"

आम्ही नवा नियमच केला: घुबडाने उंदीर खाल्ला की त्याची ताकद दोनाने वाढते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा ड्रॅगनांचा डेक तीनदा लोळवला. भांडी आटोपली की त्या हात पुसत यायच्या आणि "चल, पिस" म्हणायच्या. मी दुपारची वाट बघू लागले.

मग एकदा शेजारच्या काकू डबाभर लाडू घेऊन आल्या. चादरीवर मांडलेली घुबडं बघून दारातच थबकल्या. "पोटुशी बाईच्या डोळ्यासमोर हे अशुभ पाखरू? उचला आधी!"

माझा हात आपोआप पत्त्यांकडे गेला. सासूबाईंनी तो धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग काकूंकडे वळून, आवाज न चढवता, "ताई, लाडू ठेवा. आमचा डाव चालू आहे."

काकू गेल्यावर सासूबाईंनी हातातले पत्ते चादरीवर पालथे ठेवले. मग सांगू लागल्या. लग्नानंतर त्या तुकईथडला राहायच्या. घरासमोरच्या कपाशीच्या शेताच्या बांधावर मोहाचं जुनं झाड होतं, त्याच्या ढोलीत घुबडांची जोडी. त्यांना पहिली मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. कुणीतरी म्हणालं, घुबड ओरडलं होतं. घरच्यांनी ते झाड तोडलं.

"ढोलीत पिल्लं होती दोन," त्या म्हणाल्या. "पांढरी, कापसासारखी. मी बाळंतीण, दारातून बघत होते. माझी पोर तापानं गेली, बेटा. त्या पाखरांनी काय केलं होतं? पण बोलायची हिंमत नव्हती माझी."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी काढून घेतला नाही.

"यांना माहीत आहे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

पुढचे तीन महिने आम्ही रोज खेळलो. काही दिवस मला फार भीती वाटायची, पोट दुखलं की रडू यायचं. तेव्हा त्या मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून मला जिंकू द्यायच्या आणि मी ते ओळखलंय हे त्यांना कळायचंही.

मुलगी नवव्या महिन्यात, भर सकाळी झाली. थोडी बारीक, पण ठणठणीत. दवाखान्यातल्या खाटेवर मी ग्लानीत पडले होते. बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं, नवरा शेजारी उभा राहून हसत म्हणाला, "आई, आपल्या घरातली पहिली मुलगी."

सासूबाईंनी बाळाचं टोपडं नीट केलं.

"पहिली नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी एक होती. बैस, सांगते."

त्याने स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.