ढोबळी मिरचीचा वास

सिंगापुरात तुआसच्या एका कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर होतो. तिथल्या टाक्यांचं तापमान माझ्या सहीशिवाय अर्धा अंशही हलत नसे. त्यामुळे घरी दोन बादल्या वाईन करणं म्हणजे माझ्या हुद्द्याला न शोभण्याइतकं सोपं काम, असं मी धरून चाललो.

कल्पना डोक्यात घातली ती ऑफिसातल्या एका न्यूझीलंडच्या सहकाऱ्याने. तिकडे थंड भागात त्याच्या वडिलांची कॅबरने सोव्हिन्यॉन या काळ्या द्राक्षांची छोटी बाग होती. तिथली ठेचून गोठवलेली द्राक्षं त्याने मला मागवून दिली. घरच्यापुरती वाईन करायला सिंगापुरात परवानगी आहे. पुण्याला आईला मात्र मी सरबत सांगितलं.

सेंगकांगचा आमचा फ्लॅट दुपारी चांगलाच तापायचा. म्हणून एसीची बेडरूम बादल्यांना दिली, आणि मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी हॉलमध्ये पंख्याखाली गाद्या टाकून राहू लागलो. यीस्ट घातल्यावर फेसाबरोबर वर येणारी सालं मी सकाळ-संध्याकाळ डावाने रसात दाबायचो. दहा-बारा दिवसांनी सगळं पंच्यातून पिळून काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत भरलं. भिंतीवर जांभळे शिंतोडे उडाले, ते आजही कपाटामागे आहेत.

महिन्याने मी मोठ्या थाटात झाकण उघडलं. मुलीने वाकून वास घेतला आणि इथल्या शाळेतल्या सवयीने वाक्याला 'ला' जोडत म्हणाली,

"पप्पा, कॅप्सिकमचा स्मेल येतोय ला."

खरंच येत होता. बायको दर आठवड्याला पीठ पेरून ढोबळी मिरची करायची. मला कारण सापडलं होतं. जेवायला बसल्यावर मी जाहीर केलं, "वाईन तयार होईपर्यंत घरात ढोबळी मिरची बंद."

"बरणीला झाकण आहे ना? मग वास आत जातो कसा?" बायकोने विचारलं. ती बँकेत ऑडिटचं काम करते.

"ते सूक्ष्म पातळीवर असतं. तुला नाही कळायचं."

मिरची बंद झाली. वास कमी होतोय का, हे बघायला मी रोज ऑफिसातून आलो की झाकण उघडून नाक खुपसायचो. वास तसाच होता. मग शेजारच्या मलय आजींवर संशय आला. त्या मिरची कधी परततात हे विचारायला मी त्यांच्या दारापर्यंत गेलोही होतो. बायकोने हाताला धरून परत आणलं.

पाचेक महिन्यांनी एका रविवारी मी सहकाऱ्याला जेवायला बोलावलं आणि त्याच्यापुढे ग्लास ठेवला. वास येतोच आहे, तर माफी आधीच मागून टाकावी, म्हणून मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून सगळी हकीकत सांगितली.

त्याने ग्लास हुंगला. "हा वास द्राक्षाचाच आहे," तो म्हणाला. "थंडीत कॅबरने नीट पिकत नाही, मग ही ढोबळी मिरची तिच्यात राहते. आमच्या घरच्या प्रत्येक बाटलीला हा वास असतो."

बायको पोळी वाढायला आली होती. तिने त्याला शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्या भाजीचा काही संबंध नाही?"

"मुळीच नाही." मग त्याने घोट घेतला आणि थोडं तोंड वाकडं केलं. "पण हवा लागून व्हिनेगरची झाक आली आहे. कोणी झाकण वारंवार उघडत होतं का?"

बायको म्हणाली, "रोज. सहा वाजता." आणि दुसरी पोळी मला न वाढताच आत गेली. मी मागोमाग गेलो. "चुकलं माझं," म्हणालो. ती म्हणाली, "सूक्ष्म पातळीवर?"

त्या वाईनची एक बाटली सहकारी सुट्टीत वडिलांना घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, त्यांची पहिली खेप याहून वाईट झाली होती. हे वडील खरंच म्हणाले की त्याने मनाने रचलं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी द्राक्षं पुन्हा मागवली, पण बरण्यांचा ताबा बायकोने घेतला. तिने झाकणावर चिकटपट्टी लावून वर सही केली. वाईन बरी झाली. पाहुणे दुसरा ग्लास मागू लागले. माझ्याकडे बाटल्या धुण्याचं काम होतं, आणि ते मी व्यवस्थित केलं, असं ती सांगते.