स्कुगदालची सरासरी

जून, जुलै, ऑगस्ट. उन्हाळ्याचा एकेक महिना संपला, की त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर तक्ता यायचा. गावाचं नाव, महिन्याचं तापमान आणि त्याची सरासरी, पडलेला पाऊस आणि त्याची सरासरी, शेवटी टक्के. युत्रेविकसमोर सगळे रकाने गच्च भरलेले. ते गाव फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी, त्यांच्याकडे शंभर वर्षांच्या नोंदी, त्यामुळे मिजास काही विचारू नका. आणि आमच्या स्कुगदालसमोर? तापमान आहे, पाऊस आहे, आणि सरासरीच्या जागी आडवी रेघ. तीस उन्हाळे ती रेघ तशीच होती.

ती रेघ घालवायची, एवढं एकच ओद्नीने मनाशी धरलं होतं. माणसं बोट घेतात, डोंगरावर दुसरं घर बांधतात. हिला रेघ घालवायची होती. आता याला खूळ म्हणा नाहीतर काही म्हणा.

सुरुवात झाली एक्क्याण्णव साली, मे महिन्यात. हवामान कचेरीचा हाल्वदान नावाचा उंच माणूस खोऱ्यात आला आणि दारोदार फिरला. उन्हाळ्यापुरतं एक स्टेशन बसवायचं होतं, कारण थंडीत आमच्याकडे वर चढून येणं कठीण. रोज सकाळी बरोबर आठला पाऊस मोजायचा, तापमान बघायचं आणि लिहून ठेवायचं. तो आधी आनफिनकडे गेला. आनफिन ओद्नीचा शेजारी, मधे फक्त ओढा.

"रोज आठला? रविवारीसुद्धा?" आनफिन म्हणाला. "मला काय वेड लागलंय?" आणि दार लावलं.

ओद्नी तेव्हा सव्वीस वर्षांची. श्यूरशी लग्न होऊन दोन वर्षं झालेली, गोठ्यात बारा गायी. तिने हाल्वदानला कॉफी दिली आणि एकच विचारलं, "आमच्या खोऱ्याची स्वतःची सरासरी कधी निघेल?"

"तीस उन्हाळे झाले की. पण एकही दिवस कोरा जाता कामा नये."

"मग बसव," ओद्नी म्हणाली.

अंगणापलीकडच्या कुरणात लाकडी खांब उभा राहिला, त्यावर पावसाचं जस्ताचं भांडं, शेजारी फटीफटींची पांढरी पेटी आणि तिच्यात तापमापक. गावाने पैजा लावल्या. कुणी म्हणालं महिनाभर टिकेल, कुणी म्हणालं पंधरा दिवस. पुढे पैज हरलेल्यांनी तो विषयच काढला नाही.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये पहाटे सहाला ओद्नीला कळा सुरू झाल्या. श्यूरने बोट तयार केली, धावत वर आला, तर बाईसाहेब रेनकोट घालून खिडकीपाशी घड्याळाकडे बघत उभ्या.

"अगं, पोर बोटीत होईल!"

"होऊ दे. आठला पंधरा मिनिटं आहेत."

आठ पूर्णांक दोन मिलिमीटर. ते लिहून झालं, मगच ती बोटीत बसली. अकराला मुलगी झाली. दवाखान्यातून ती रोज आठ वाजून पाच मिनिटांनी घरी फोन करायची. श्यूर म्हणायचा, "बारा." ही ओरडायची, "बारा पुढे किती? दशांश सांग ना!" बिचारा पुन्हा कुरणात जायचा.

अख्खा देश उन्हाळ्यात स्पेनला जाऊन भाजून येतो. ओद्नी बाळंतपण सोडलं, तर फेरीबोटीने जायच्या शहरातसुद्धा कधी मुक्कामाला राहिली नाही.

आणि एवढं करून वाट्याला काय आलं, तर टोमणे. आमचं खोरं डोंगराच्या पोटात, समुद्रावरून आलेला ढग इथे येऊन अडकतो आणि रिकामा होतो. दोन हजार एकच्या जुलैत युत्रेविकला एकशेचाळीस मिलिमीटर पडला आणि स्कुगदालला दोनशे नव्व्याण्णव. युत्रेविकवाले पोट धरून हसले. आनफिनचा मेहुणा तिकडचाच. तो म्हणाला, "तुमच्याकडची ती बाई भांड्यात कॉफी ओतते वाटतं!" आनफिनने ते जसंच्या तसं आमच्या सहकारी दुकानात आणून ओतलं. तेव्हापासून ओद्नी दुकानात शिरली रे शिरली, की हा विचारायचा, "काय ओद्नी, या महिन्यात किती पाऊस पाडलास?"

ती मोजून उत्तर द्यायची, दशांशासकट. पण घरी आल्यावर भांडी आपटायची. "मला खोटारडी म्हणतो तो," ती श्यूरला सांगायची, "आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. कशाशी तुलना करू? आमची सरासरीच नाही!"

दोन हजार नऊच्या जुलैत श्यूर गेला. मुलगी शिकायला बाहेर पडली. गायी विकल्या. भांडं मात्र खांबावर होतंच.

आला तिसावा उन्हाळा. जून झाला, जुलै झाला. ऑगस्टची सव्वीस तारीख, बुधवार. महिना संपायला जेमतेम सहा दिवस. आदल्या संध्याकाळपासून असा धो धो पाऊस, की ओढ्याचा आवाज घरात ऐकू येत होता. आठला पाच कमी असताना ओद्नी मापाची काच घेऊन बाहेर पडली आणि कुरणाच्या फाटकात थिजली.

खांब मोडून आडवा पडला होता. भांडं गवतात पालथं. आणि शेजारी आनफिनचा एडका शांतपणे चरत होता. त्याचं नाव बिशप, वागणं गुंडाचं. तीस वर्षांचा खांब मुळाशी कुजला होता, बिशपने त्यावर डोकं घासलं असणार आणि मग त्याला धडका मारायची लहर आली असणार.

ओद्नीने भांडं उचलून बघितलं. आत एक थेंब नव्हता. ती त्या चिखलात बसली आणि मोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हा लोकांदेखत न रडलेली बाई, पण त्या सकाळी तिचं रडणं ओढ्यापलीकडे ऐकू गेलं.

श्यूरच्या जुन्या लोखंडी पहारीला बांधून भांडं तिने पुन्हा उभं केलं आणि दुपारी ती दुकानात गेली. बातमी आधीच पोचली होती. दुकानदारीण मोलफ्रिद गल्ल्यामागून बाहेर आली.

"अगं, लिही काहीतरी. साठ लिही. रात्रभर कोसळत होता, कोण विचारणार?"

"साठ? कुणाच्या घरचं साठ?"

"तीस वर्षं घातलीस, ओद्नी! एका दिवसासाठी सगळं सोडणार?"

"एक दिवस खोटा लिहिला, तर बाकीचे तीस उन्हाळे खरे कशावरून?" ओद्नी म्हणाली. "मग आनफिनच बरोबर ठरला." तिने पाव घेतला आणि ती निघाली. त्या दिवसाचा रकाना तिने कोराच ठेवला होता.

तीन वाजता दार वाजलं. आनफिन. टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात दुकानाची प्लास्टिकची जड पिशवी.

"ओद्नी, आत येऊ?"

"बिशप कुठंय?"

"कोंडलाय."

"कापला असं ऐकायचं होतं मला."

"शिव्या नंतर दे," आनफिन म्हणाला आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. वह्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, वीस. "आधी हे बघ."

ओद्नीने वरची उघडली. आनफिनचं ठोकळ्यांसारखं अक्षर. तारीख, वेळ आठ, आणि आकडा. पानामागून पान.

"हे काय आहे?"

"पाऊस."

"कुणाचा?"

"आपलाच. माझ्या गोदामामागे भांडं आहे. दीपगृहावरचं स्टेशन बंद झालं तेव्हा लिलावात घेतलं होतं. अगदी तुझ्यासारखं, कचेरीचंच." आनफिनचे कान बिटासारखे लाल झाले होते. "दोन हजार एकच्या ऑगस्टपासून मोजतोय. उन्हाळाभर, रोज आठला."

"कशाला?"

"तुला पकडायला."

ओद्नी खुर्चीत बसली. तिने सगळ्यात जुनी वही ओढली. पहिल्या पानावर समासात लिहिलं होतं, 'ती पन्नास सांगेल, बघूच.' ऑगस्ट संपून पेपरातला तक्ता आल्यावर, 'माझे २११. तिचे २१२. शक्यच नाही.' पुढच्या वर्षी, 'माझंच भांडं गळतंय का?' त्याच्या पुढच्या वर्षी त्याने भांड्याची जागा बदलली होती. पाचव्या वर्षापासून समासात असे शेरे नव्हते. बहुतेक पानांवर नुसते आकडे, तिचे आणि त्याचे, शेजारी शेजारी.

मग तिने दोन हजार नऊची वही शोधली. जुलै, एकोणीस तारीख. '१४.३. श्यूर पहाटे गेला. आज तरी ती येणार नाही असं वाटलं. आठला बाहेर आली. भांडं बघितलं, पेटी बघितली, मग फाटकाला धरून उभी राहिली.'

तिला स्वतःचा आकडा पाठ होता. चौदा पूर्णांक तीन.

मग तिने ती वही उचलली आणि आनफिनच्या दंडावर फाडकन मारली.

"वीस वर्षं पाळत ठेवलीस माझ्यावर?"

"हो."

"एकदा तरी चुकले?"

आनफिन पुटपुटला.

"मोठ्याने बोल!"

"नाही चुकलीस. एकदाही नाही, ओद्नी."

"आणि आज सकाळी?"

"त्रेसष्ट पूर्णांक चार," तो म्हणाला. "दोनदा मोजला. तुझं रडणं ऐकू आलं, तेव्हाच कळलं काय झालं ते. मग सकाळपासून वह्या घेऊन बसलो होतो, यायची हिंमत होईना."

"हे तू दुकानात सांगशील?"

"त्यापेक्षा बिशपला कापतो."

"दुकानातच, आनफिन. शनिवारी अकराला, सगळे वॅफल खायला येतात तेव्हा."

आणि सांगितलं हो त्याने! शनिवारी अकराला, वॅफलवर जॅम घालता घालता माणसं थांबली, कारण आनफिन गल्ल्यापाशी उभा राहून खाकरला. "मी वीस वर्षं या बाईला खोटं ठरवायला बघत होतो," तो म्हणाला. "जमलं नाही. ती खरी आहे. तिचा मिलिमीटर न् मिलिमीटर खरा आहे. आणि मी गाढव आहे." एवढं लांब भाषण त्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं. युत्रेविकचा मेहुणा नेमका तिथेच होता. त्याचं वॅफल घशात अडकलं, मोलफ्रिदने पाठीत बुक्का मारून ते काढलं. ओद्नीने स्वतःसाठी दुसरं वॅफल मागितलं, वर भरपूर साय घालून.

पण दुकानाने मानलं म्हणून कचेरी थोडीच मानते? सप्टेंबरात सिव नावाची तपासनीस आली. तरुण, चष्म्याआड डोळे बारीक. दोन दिवस ओद्नीच्या स्वयंपाकघरात दोन्हीकडच्या वह्या पसरून बसली. नुसतं पेन फिरतंय. ओद्नी कॉफी ओतत होती आणि कपबशीचा आवाज होत होता. आनफिन दाराशी टोपी पिळत उभा.

दुसऱ्या दिवशी सिवने मान वर केली. "दोन हजार सहाचा जून, दहा तारीख. फरक पूर्ण सात मिलिमीटरचा, दुसऱ्या दिवशी तेवढाच उलटा. असा फरक दुसरा कुठेच नाही. कुणाची चूक?"

ओद्नीने आपली वही ओढून त्या तारखेचं पान काढलं.

"माझी," आनफिन म्हणाला. "युत्रेविकला लग्नाला गेलो होतो. दुपारी येऊन मोजला, आणि वेळ मात्र आठ लिहिली."

सिव पहिल्यांदा हसली. "बाकी सगळीकडे फरक चार दशांश मिलिमीटरच्या आत. माझ्या नोकरीत अशी जोडी मी बघितली नाही. एकमेकांना न सांगता दोघांनी एकच पाऊस वीस वर्षं मोजायचा!" तिने पेनचं टोपण लावलं. "सव्वीस ऑगस्टला त्रेसष्ट पूर्णांक चार धरते, शेजारच्या भांड्यावरून अशी टीप घालून. ओद्नी, तुझे तीस उन्हाळे पूर्ण झाले. पुढच्या जूनपासून तुमची सरासरी छापून येईल."

ओद्नीने किटली खाली ठेवली आणि त्या मुलीला घट्ट मिठी मारली. मग आनफिनलाही मारली. त्याला ते कसं घ्यावं कळेना, हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

सरासरी काय येणार, हे ओद्नीने तिथेच कागदावर काढून ठेवलं होतं. पण छापून येणं वेगळं. सगळा हिवाळा ती वाट बघत होती, वसंतातही. जून संपला. जुलैची दोन तारीख, शुक्रवार. त्या सकाळी ती नव्या खांबापाशी गेली. भांड्यात पाणी नव्हतं, शून्य लिहिलं, आणि सवयीने ओढ्यापलीकडे बघितलं.

आनफिनच्या अंगणातल्या काठीवर देशाचा झेंडा चढत होता. आमच्याकडे झेंडा चढतो तो राष्ट्रीय सणाला, नाहीतर घरात वाढदिवस, लग्न असेल तेव्हा. आनफिनचा वाढदिवस नोव्हेंबरात. ओद्नी विचार करतेय, तोच वरच्या घरावर दुसरा झेंडा चढला. मग दुकानावर, शाळेवर. खालच्या वळणावरच्या घरांवर एकामागून एक. लाल झेंडे, सगळे काठीच्या टोकापर्यंत.

तिने मापाची काच गवतात टाकली आणि ती धावत सुटली. छप्पन्न वर्षांची बाई, रबरी बुटांत! दुकानाच्या पायरीवर मोलफ्रिद पेपर उघडून उभी होती, मागे अर्धं खोरं. मोलफ्रिदने नुसतं बोट ठेवलं.

स्कुगदाल. तापमान १२.९, सरासरी १२.१. पाऊस ७१, सरासरी ११८. साठ टक्के.

रेघ नव्हती.

"साठ टक्के!" ओद्नी ओरडली. "ऐकलंत? सरासरीच्या साठ टक्के! जून कोरडा गेला!" आणि ती हसत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि आमची ती मुखदुर्बळ माणसं, जी चर्चमध्येसुद्धा खालच्या आवाजात गातात, ती त्या पायरीवर टाळ्या वाजवत होती.

मग कुणीतरी म्हणालं, अख्ख्या खोऱ्यात एकच काठी रिकामी आहे. ओद्नीने पेपर घडी करून रेनकोटात घातला, घरी गेली, श्यूरने रंगवलेल्या काठीला झेंडा बांधला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढत टोकापर्यंत चढवला.