दुर्बिणीचे वार

"नाना गेले," चष्म्याची काडी बदलून घेताना पारोळ्याचं एक गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "आता कुठं? देवळालीला? लष्कराच्या भंगाराचा लिलाव असेल."  मीच पुढे रेटलं, "येताना दोन-चार जुनी भिंगं मिळाली तर आणा म्हणावं." मग मान वर केली. तो माणूस नुसता माझ्याकडे बघत होता... धुळ्याच्या गल्लीत इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांची दुकानदारी केली, पण समोरचं मला उशिरानेच दिसतं.

माझे जुने स्नेही नाना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत नेमबाज होते. नेमबाज म्हणजे एकटा माणूस, असं मला वाटायचं. तसं नसतं. एक जण नेम धरतो आणि दुसरा त्याच्या शेजारी पालथा पडून वारा बघतो, अंतर सांगतो. नानांचा तो दुसरा म्हणजे एरंडोलचे बापू. बापू तिकडून परतले नाहीत. नाना पारोळ्याला भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला आले, लग्न केलं नाही, आणि गोऱ्या फौजेतल्या नेमबाजांच्या बंदुकांचं लाकूडसामान जमवू लागले. अख्खी लष्करी बंदूक घरात ठेवायला परवाना कोण देणार? आणि त्यांना ती नकोही होती. जळगाव-धुळ्याच्या भंगारातून ते दस्ते, म्हणजे बंदुकीची लाकडी बुडं, आणायचे, खांद्याला टेकते ती पितळी पट्टी आणायचे, पट्टा अडकवायच्या कड्या आणायचे, आणि दस्त्यावर गाल टेकायला स्क्रूने बसवलेलं एक उंचवट्याचं लाकूड असतं, तेही. त्याला ते 'गालउशी' म्हणत.

पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा मी तीच उचलली आणि जाणकारासारखं म्हणालो, "वा, नाना! चांभाराचा साचा. सागवानी दिसतो."  नानांनी ती दस्त्यावर बसवली, माझी मान धरून गाल तिच्यावर दाबला. "आते बोल." जबडा असा अडकला की मी म्हशीसारखा हुंकारलो. नाना म्हणाले, "हाऊच त्याना फायदा शे." आणि अक्रोडाचं लाकूड माझ्या हातातून काढून घेतलं.

एकदा कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस जमादार झडतीला आला. त्याने सगळं उलथंपालथं केलं. "बंदूक कुठंय?" "बठ्ठी हाईच शे, साहेब. नुसती नळी नही." जमादार हसला, चहा प्यायला, एक दस्ता खांद्याला लावून बघितला. मी मात्र कोपऱ्यात, कुणी सांगितलं नसताना, दोन्ही हात वर करून उभा होतो. "भाऊ, हात खाले ले," नाना म्हणाले, "कप धर."

या छंदातलं खरं दुखणं मला पुढे कळलं. अशा प्रत्येक बंदुकीची दुर्बीण ठरलेली असते. कारखान्यातच दोघींची जोड लावतात आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकतात. जोड मोडली की नेम बिघडतो. दुर्बीण हरवली तरी तिचा नंबर लाकडावर राहतोच. नानांच्या फळीवर असे सात दस्ते होते आणि दुर्बीण एकाचीही नाही. "आपली जोड तं तठेच रायनी," ते एकदा इटलीबद्दल म्हणाले. बंदुकीबद्दल बोलत होते की बापूंबद्दल, मी विचारलं नाही. "दुसरानी तरी जोड लागू दे." एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते भंगारवाल्यांच्या दारात तासन्‌तास उकिडवे बसायचे.

आणि तशी एक दुर्बीण मला सापडली! शिंदखेड्याच्या एका जुन्या बाजारवाल्याकडे, काळी पडलेली पितळी नळी, भिंगं शाबूत. दिवाळी जवळ आली होती. आपल्याकडे दिवाळीला काळं पितळ कुणाच्या घरी नेतात का? मी ती तांबटाकडे दिली, म्हटलं, लखलखीत कर. त्याने इमानाने काम केलं. वर काहीतरी खरखरीत कोरलेलं होतं, तेही घासून गुळगुळीत करून दिलं.

नानांनी ती हातात घेतली, फिरवली, उन्हात धरली. अंगठा एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवला. मला कळायला तेवढा वेळ लागला. मी म्हणालो, "नाना, नंबर..." आणि जबडा अडकला. गालाखाली गालउशी नसताना. त्यांनी ती फळीवर, सातही दस्त्यांसमोर ठेवली. ही सातांतल्या एकाची असेल, नसेलही. आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मग म्हणाले, "आते हाई बठ्ठास्नी शे." म्हणजे सातही जणांची. आणि मला विचारलं, "तू शिकाले व्हता तवय कसा जेवे?"

मी धुळ्यात वार लावून जेवलो होतो. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी.

"मंग हिले बी वार लाई देवूत."

तेव्हापासून दुर्बीण रोज एका दस्त्याशेजारी असायची. सकाळी चहाआधी नाना ती उचलून पुढच्याच्या मानेजवळ, नंबरालगत ठेवायचे. मला हसू यायचं. एकदा हसलोही. ते म्हणाले, "एक दिवस तरी कोनी शेजारे ऱ्हास."

तेराव्यानंतर मी पारोळ्याला गेलो. नानांच्या भावजयीने, अक्कांनी, कुलूप काढून दिलं. "भाऊ, लई जा बठ्ठं. माले खोली लागस." दुर्बीण मंगळवारच्या दस्त्याशेजारी होती. नाना बुधवारी पहाटे गेले. मी गेलो त्या दिवशी शुक्रवार होता. मधल्या दिवसांत किती घरांचे वार चुकले, याचा हिशेब न करता मी ती उचलून शुक्रवारच्या शेजारी ठेवली, आणि मग सगळं पोत्यात भरायला घेतलं.

आता ती फळी माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय विकायला? मी म्हणतो, हे आमचे वार लावून जेवणारे विद्यार्थी... नाही, चुकलो, विद्यार्थी एकच, बाकी सगळी घरं. कुणाला काही कळत नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी दुर्बीण पुढच्या घरी.

रविवारी दुकान बंद असतं. तरी मी जातो, दाराची एक फळी बाजूला करून आत शिरतो, दुर्बीण उचलून ठेवतो. लगेच निघावं तर निघवत नाही. तिच्या शेजारी थोडा वेळ बसतो.