जाळ्यात आलेली घंटा

कमळाच्या स्वप्नात तिचा नवरा दादू कधीच बुडाला नाही. तो दरवेळी गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभा राहून घंटा वाजवायचा, आणि धुक्यातून नुसता आवाज यायचा. मंगलोरी कौलं भरून निघालेलं ते गलबत पूर्णगडला पोचलंच नाही, त्याला तीसेक वर्षं झाली. गावाने आशा सोडली. कमळाने कुंकू सोडलं नाही. लोक वेडी म्हणत. म्हणोत बापडे!

यंदा तिच्या धाकट्या दिराच्या, महिपतच्या जाळ्यात पितळी घंटा आली. मासळीखेरीज काही आलं की ते आधी ग्रामदेवतेचं, ही इथली रीत. बायकांनी आमसुलाच्या पाण्याने घासून ती लखलखीत केली, देवळात टांगली आणि सगळे मोकळे झाले. सरकारला कळवायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग बंदर खात्याच्या ईशा मॅडम आल्या. बुडालेल्या जहाजावरची वस्तू सापडणाऱ्याची होत नाही आणि देवाचीही होत नाही, त्यांनी समजावलं. वर्षभरात मूळ मालकाने ओळख पटवली तर त्याची, नाहीतर सरकारची. गलबताच्या मालकाचा नातू स्वरूप तयारच होता. घंटा आपली ठरली तर तो ती देवळालाच देणार होता. फक्त ती त्याच गलबतावरची, असं सांगणारं माणूस हवं होतं. सगळं देऊळ कमळाकडे बघू लागलं.

ती घंटेखाली गेली. काठावरून बोट फिरवलं. एके ठिकाणी टवका उडालेला, तिथे कानशीने घासून गुळगुळीत केलेलं. हाताला कापते म्हणून मीच घासली, असं दादूने तिला हसत सांगितलं होतं. बोट तिथेच थांबलं. गाभारा, माणसं, सगळं धुक्यात विरघळलं. हो म्हटलं की गलबत बुडालं, आणि गलबताबरोबर तोही. तेवढं एक ‘हो’ तिच्याच्याने होईना.

“नाय,” ती म्हणाली. “ही त्या गलबतावरची नाय.”

गावाचे चेहरे पडले. घंटा जीपमध्ये चढली आणि खडबडीत रस्त्यावर आपसूक वाजत लांब लांब गेली. कमळाला स्वतःची लाज वाटली, देवीची भीतीही वाटली.

महिपत तिच्याबरोबर घाटी उतरत होता. निम्म्यावर तो थांबला.

“वयनी, जाळ्यातून वर आली तवाच मी वळखलेली.”

“मग बोललास का नाय?”

“कसा बोलू?” महिपत म्हणाला. “माझा पण भाऊच ना तो.”