सूतमामांचा सर्वांत नाजूक जॉब

कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथवर तीस वर्षं काढलेल्या सूतमामांच्या नजरेला जगातली एकही वस्तू सरळ नव्हती. पडदा सूतभर तिरका, टेबल सूतभर बुटकं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; त्यातूनच त्यांना हे नाव पडलं.

मग एकदा लोखंडाचा गरम कण उडाला आणि उजव्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर पांढरा व्रण ठेवून गेला. डावा डोळा लहानपणापासूनच आळशी. मायक्रोमीटरवरच्या रेषा धुरात गेल्या आणि मामा लेथवरून गोदामात गेले, बोल्टांची खोकी राखायला. घरात त्यांनी कशालाही नावं ठेवायचं सोडलं, तेव्हा मामींनी त्यांना दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आधी डोळ्याचं थरांचं चित्र काढायचं. व्रण वरवरचा असला तर लेझरने तेवढाच थर उतरवायचा. खोल असला तर दुसऱ्याचा पडदा शिवावा लागेल, आणि मग लेथचं काही सांगता येणार नाही.

मामा खुर्चीतच उसळले. आधी माप, मग कट! बाई आपल्याच धंद्यातल्या निघाल्या.

याच उत्साहात त्यांनी घोटाळा केला. चित्र काढताना जॉब, म्हणजे डोळा, हलू नये म्हणून दोन बोटांनी पापण्या घट्ट ताणून धरल्या. चित्र आलं पोचा पडलेल्या पातेल्यासारखं.

मशीनवरच्या मुलीने विचारलं, "मामा, डोळा दाबलात?"

"दाबला नाही, चकमध्ये पकडला."

"मग सोडा. लेझर या मापावरच चालणार आहे."

मामांनी कान पकडले. पातळ नळी लेथच्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, जास्त आवळली की तिचा गोलपणा जातो, हे तीस वर्षं तेच नवशिक्यांना ओरडून सांगत आले होते.

दुसऱ्या वेळी हात मांडीखाली. व्रण निघाला ऐंशी मायक्रॉन खोल, पडदा पाचशेच्या वर जाड. लेझर चालणार! परतताना बसच्या कंडक्टरलाही कळलं, की केसाएवढा कट आहे.

लेझर मिनिटभरात आटोपलं. पुढचे चार दिवस डोळा असा झोंबला, की मामा लेथचंही नाव घेईनात. मग आठवडे नुसतं धुकं. मामी रोज चहा देताना त्यांच्या तोंडाकडे बघत.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कप खाली ठेवून मामा खिडकीकडे बघत राहिले.

"पडदा तिरका आहे."

"सूतभर?"

"अर्धं सूत."

मामींनी तो इतके दिवस मुद्दाम सरळ केला नव्हता. आताही केला नाही. उठल्या आणि त्यांचा कारखान्याचा डबा भरायला लागल्या.