निखळलेला खुबा आणि दामूची पकड

टेम्पोतून उतरवलेल्या जनार्दनचा उजवा पाय आत वळलेला, गुडघ्यात दुमडलेला आणि डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड दिसत होता. सोबत पूर्णे गावचा अख्खा कबड्डी संघ. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धामणकर नाक्यावर माझं छोटं नर्सिंग होम होतं.

खुबा निखळला होता. म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणीतून मागे सटकला होता. गोळ्याचा रक्तपुरवठा अशा वेळी पिळवटतो. सहा तासांच्या आत तो बसवलेला बरा. उशीर झाला की गोळा हळूहळू मरायची भीती, आणि मग माणूस जन्माचा लंगडा.

सकाळी दहाला सामन्यात पकडीखाली पडलेला गडी माझ्याकडे दोनला आला. चार तास काय करत होतात, विचारलं. मैदानात बोट निखळलं की ही मंडळी ओढून बसवतात. तोच उपाय त्यांनी खुब्यावर केला होता, चौघांनी आळीपाळीने. मी जाम भडकलो.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. भूल दिली. पाय सरळ ओढून खुबा बसत नाही. गुडघा दुमडून मांडी उभी वर खेचायची, आणि दुसऱ्याने कंबर खाली दाबून धरायची. जमिनीवर गादी टाकली. माझा कंपाउंडर पंचेचाळीस किलोचा. मी खेचलं की पेशंटबरोबर तोही वर यायचा. दोनदा फसलं. साडेतीन वाजले.

बाहेर येऊन विचारलं, "याला पकडलं कुणी?"

सगळ्यांनी दामूकडे बघितलं. विरुद्ध संघाचा, पण त्याच टेम्पोतून सोबत आलेला, अंगाने दाराएवढा. म्हणाला, "डॉक्टर, मी मुद्दाम न्हाय केला."

"माहीत आहे. आत चल आणि तशीच कंबर धर."

जनार्दनचे काका आडवे आले. याच्यापेक्षा घट्ट पकड तुमच्यात कुणाची आहे, एवढंच मी विचारलं. काका बाजूला झाले.

दामूने कंबर धरली. मी सगळा जीव लावून खेचलं. कट्ट! एवढा गोड आवाज मी या धंद्यात दुसरा ऐकलेला नाही. दोन्ही पाय सारखे झाले. मी गादीवर बसून हसत सुटलो, आणि दामू रडत होता.

शुद्धीवर येताच जनार्दनने विचारलं, "मी बाद काय?"

दामूने नाक पुसलं. "न्हाय रे. तुजा हात मधल्या रेषेला लागला व्हता. मी पंचाला बोललोच न्हाय."

सगळ्यात आधी काका हसले.

दोन वर्षं एक्स-रे काढत राहिलो. गोळा जिवंत, चाल सरळ. तेव्हा खुबा निखळला तर ओढाओढी करू नका, घड्याळ बघा आणि तडक दवाखाना गाठा. आणि ज्याने पकडलं, त्याला शिव्या देत का होईना, सोबत घेऊन या.